८१ पत्ते रिकामे, तरी पाचव्याला जागा नाही

या भागाचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘बेसिकली’ शक्य तितके काढलेत, एखादं राहिलं असेल तर चालवून घ्या.

तुमचा फोन घरच्या वायफायला जोडला की राउटर त्याला एक आयपी ॲड्रेस देतो. कुठला दिला, उद्या बदलला का, याचा तुम्ही कधी विचार केलेला नसतो, आणि करायची गरजही नाही. फोन रोज चार्ज होतो, राउटर कायम प्लगमध्ये असतो, सगळे जागे असतात.

आज ज्या उपकरणांबद्दल बोलायचंय त्यांना यातलं काहीच मिळत नाही. दाराला चिकटवलेला छोटा सेन्सर, गोदामातला तापमान मोजणारा डबा, शेतातला ओलावा मोजणारी काठी. बटण सेलवर किंवा दोन पेन्सिल सेलवर वर्षानुवर्षं चालायची अपेक्षा. म्हणून ही मंडळी बहुतेक वेळ झोपलेली असतात. झोपेत मायक्रोअँपिअरमध्ये करंट, रेडिओ चालू केला की मिलीअँपिअरमध्ये. म्हणजे हजारपटींचा फरक. रेडिओ जितका कमी वेळ चालेल तितकं आयुष्य जास्त. पत्ता ही गोष्ट याच हिशेबात येते, कारण प्रत्येक निरोपावर कुणाकडून आणि कुणाला हे लिहावंच लागतं.

आधी आकडे सांगते, मग गंमत कळेल. झिगबी आणि थ्रेड ही दोन नावं तुम्ही स्मार्ट बल्बच्या खोक्यावर वाचली असतील. दोन्हींच्या खाली एकच रेडिओ आहे, आय-ट्रिपल-ईचं ८०२.१५.४ हे स्टँडर्ड, पहिल्यांदा २००३ साली आलेलं. त्यात एका वेळी जास्तीत जास्त १२७ बाइट पाठवता येतात. बस्स. एका व्हॉट्सॲप मेसेजला सुद्धा अपुरे. वेग सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे एक बाइट हवेत जायला ३२ मायक्रोसेकंद.

प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच एक कायमचा ६४ बिटांचा नंबर मिळतो. पहिले २४ बिट सहसा कंपनीचे, उरलेले ४० कंपनीने आपल्या प्रत्येक नगाला वेगळे द्यायचे. जगात दुसरा तसा नसतो. मग प्रश्न संपला ना? हाच नंबर वापरा.

वापरता येतो, पण महाग पडतो. ६४ बिट म्हणजे ८ बाइट. पाठवणारा आणि घेणारा मिळून १६. त्यातून निरोप उड्या मारत जाणार असेल, म्हणजे ‘अ’कडून ‘ब’कडे आणि तिथून ‘क’कडे, तर या उडीचे दोन पत्ते वेगळे आणि मूळ व शेवटचा असे दोन वेगळे. झाले ३२ बाइट. १२७ पैकी पाव भाग नुसत्या पत्त्यांत गेला. चाळीत कुणी कुणाला आधार नंबरानं हाक मारत नाही, ‘अहो चार नंबरवाले’ म्हणून भागतं. तसंच इथे नेटवर्कमध्ये शिरल्यावर एक छोटा १६ बिटांचा पत्ता मिळतो. ३२ बाइटांचं काम ८ मध्ये होतं.

आता खरा प्रश्न. हा छोटा पत्ता देणार कोण? आणि दोघांना एकच जाणार नाही याची हमी कोण घेणार?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मध्ये एक मुख्य उपकरण बसवा, त्याला कोऑर्डिनेटर म्हणतात. पहिला आला त्याला १, दुसऱ्याला २. छोट्या नेटवर्कला पुरतं. पण यात एक खड्डा आहे आणि तो कागदावर दिसत नाही, म्हणून थोडं थांबते इथे.

कामानिमित्त मी एकदा एक कोल्ड स्टोरेजची सिस्टीम बघायला गेले होते. दुसऱ्या कुणी बसवलेली, नावाची गरज नाही. प्रत्येक चेंबरमध्ये एक सेन्सर, मध्ये एक गेटवे, ऑफिसात स्क्रीन. गेटवे पत्ते क्रमानं द्यायचा आणि स्क्रीनच्या प्रोग्राममध्ये पक्कं लिहिलेलं, पत्ता ३ म्हणजे चेंबर ३. बसवणाऱ्यानं सेन्सर त्याच क्रमानं चालू केले होते, त्यामुळे कित्येक महिने सगळं बरोबर दिसलं. मग एका रात्री लाइट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत गेटवे बंद, आणि त्याची यादी होती रॅममध्ये, म्हणजे पुसली गेली. सेन्सर बॅटरीवर, ते चालूच. गेटवे परत उठल्यावर ज्याची जाग आधी आली तो आधी आत आला. तीन नंबरच्या चेंबरचा सेन्सर झाला ५, पाचचा झाला ३.

पुढे तिसऱ्या चेंबरचं कूलिंग बंद पडलं. स्क्रीनवर पाच नंबर लाल. रात्रपाळीचा माणूस पाचमध्ये जाऊन आला, आत थंडगार. सेन्सर बिघडला असं समजून त्यानं अलार्म बंद केला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. आणि तीनमध्ये द्राक्षं होती.

त्या सिस्टीममध्ये एकही सेन्सर खोटं बोलला नव्हता. तापमान बरोबर, पत्ता बरोबर, स्टँडर्डही कुठे मोडलेलं नाही. छोटा पत्ता ही ओळख नसते, ती त्या वेळची बसायची जागा असते. एवढं लक्षात ठेवून पुढचं ऐका, कारण पुढची सगळी इंजिनिअरिंग याच एका गोष्टीभोवती फिरते.

नेटवर्क मोठं झालं की आणखी एक अडचण येते. नवा सेन्सर कोऑर्डिनेटरपासून चार उड्या लांब असेल तर पत्ता मागायला चार उड्या, उत्तर यायला चार. लाइट गेली आणि आली की शंभर बल्ब एकदम पत्ता मागायला उभे. मग सुरुवातीच्या झिगबीवाल्यांनी एक फार देखणी युक्ती काढली. मला ती अजूनही आवडते, जरी ती हरली.

युक्ती अशी. कुणाला विचारायचंच नाही. नेटवर्क सुरू व्हायच्या आधी तीन आकडे ठरवायचे: एकाला जास्तीत जास्त मुलं किती, त्यातली राउटर किती, आणि झाड किती पायऱ्या खोल. एवढ्यावरून प्रत्येक राउटर आपल्या वाट्याला पत्त्यांचा किती मोठा तुकडा आलाय हे स्वतःच गणित करून काढतो. वडिलोपार्जित जमीन आजोबांनी हयातीतच वाटून द्यावी तसं.

छोटं उदाहरण घेऊ, मनातल्या मनात करता येईल. प्रत्येकाला ४ मुलं, चारही राउटर, खोली ३. कोऑर्डिनेटरचा पत्ता ०. त्याच्या चार मुलांना प्रत्येकी २१ पत्त्यांचा तुकडा: पहिल्याला १ ते २१, दुसऱ्याला २२ ते ४२, तिसऱ्याला ४३ ते ६३, चौथ्याला ६४ ते ८४. प्रत्येकजण आपल्या तुकड्यातला पहिला नंबर स्वतःला ठेवतो आणि उरलेल्या २० चे पाच-पाचचे चार तुकडे करून मुलांना देतो. पाचमधला पुन्हा एक स्वतःचा, चार खालच्यांचे. एकूण ८५ पत्ते. दोघांना एकच पत्ता मिळणं शक्यच नाही, कारण जमिनीच्या सीमा आधीच आखलेल्या आहेत.

आणि आता यातला सगळ्यात भारी भाग. पत्त्यातच रस्ता आहे. ५० नंबरला निरोप पाठवायचाय? कोऑर्डिनेटर बघतो, ५० हा ४३ ते ६३ मध्ये बसतो, म्हणजे ४३ कडे द्या. ४३ बघतो, माझी मुलं ४४, ४९, ५४, ५९, तर ५० हा ४९ च्या पोटातला. ४९ ची पहिली मुलगीच ५०. पोचला निरोप. कुणाकडेही रस्त्यांची यादी नाही, नकाशा नाही, नुसती वजाबाकी आणि भागाकार. ज्या चिपमध्ये मेमरी मोजून काही किलोबाइट, तिथे ही केवढी चैन आहे!

आपला पिनकोड याच जातीचा. १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, पोस्ट आणि तार खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखला. हे वेलणकर संस्कृतचे कवी, ही माझी आवडती ट्रिव्हिया आहे. ४११ वाचलं की पत्र छाटणाऱ्याला गल्ली माहीत असायची गरज नाही. ४ म्हणजे आपला विभाग, ४११ म्हणजे पुणे, पुढचं पुण्यात गेल्यावर बघू.

मग हरली का ही युक्ती?

कारण पिनकोड आखताना गावं आधीच जिथे आहेत तिथे होती. सेन्सर तसे नसतात. आपलं ८५ पत्त्यांचं नेटवर्क एका लांब बोगद्यात लावा. किंवा रस्त्यावरच्या दिव्यांवर. एका रेषेत. प्रत्येक दिव्याला फक्त शेजारचा दिवा ऐकू येतो. पहिला ०. त्याच्या शेजारचा १. पुढचा २. पुढचा ३. इथे खोली संपली. पाचवा दिवा ३ नंबरकडे पत्ता मागतो, ३ नंबर म्हणतो माझ्याकडे वाटायला काही नाही. ८५ पैकी ४ वापरात, ८१ रिकामे, आणि पाचवा दिवा नेटवर्कच्या बाहेर.

मधल्या स्टेशनवरून रेल्वेचं तिकीट काढलंय कधी? आरएलडब्ल्यूएल असं वेटिंग येतं. गाडीत सीट आहेत, पण त्या दुसऱ्या कोट्यातल्या, तुमच्या स्टेशनचा संपला. फरक एवढाच की रेल्वेत चार्ट बनताना रिकाम्या सीट सोडतात. झिगबीच्या झाडात चार्ट बनतच नाही.

तुम्ही म्हणाल, खोली वाढवा की. नाही वाढत. २००६ च्या झिगबीत ठरलेले आकडे होते २० मुलं, त्यातली ६ राउटर, खोली ५. याचे पत्ते होतात ३१,१०१. खोली ६ केली तर लागतात १,८६,६२१. आणि १६ बिटांत मावतात ६५,५३६. एक पायरी वाढवायला जागा नाही. संशोधनात या बाहेर राहिलेल्या उपकरणांना अनाथ म्हणतात, तैवानच्या संशोधकांचा २००९ चा एक पेपरच ‘ऑर्फन प्रॉब्लेम’ या नावानं आहे. अनाथ हा शब्द मला जरा जास्तच वाटतो, पण अडचण खरी आहे.

दुसरी अडचण त्याहून वाईट. पत्ता म्हणजे झाडातली जागा. मधला एखादा राउटर मेला, तर त्याच्या खालच्या सगळ्यांना दुसरीकडे जावं लागतं आणि तिथे त्यांचा जुना पत्ता चालत नाही. एका प्लगचं बटण कुणी बंद केलं की अख्ख्या फांदीचे पत्ते बदलले.

म्हणून २००७ मध्ये झिगबी प्रो आलं आणि त्यात देखणेपणा सोडून दिला. चिठ्ठी उचला. नवा आला की त्याला १ ते ६५,५२७ मधला कुठलाही एक नंबर देऊन टाकायचा, रँडम. शून्य कोऑर्डिनेटरचा, वरचे शेवटचे आठ राखीव.

इथे एक गणित आपली फसवणूक करतं. पासष्ट हजार पत्ते आणि तीनशे उपकरणं, टक्कर कशी होईल? वर्गात २३ मुलं असली की कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, ते ऐकलंय ना? तेच इथे. शंभर उपकरणांना कुठेतरी टक्कर होण्याची शक्यता सुमारे ७ टक्के. तीनशेच्या आसपास गेलात की ती ५० टक्के. हजार उपकरणांना टक्कर झालीच म्हणून समजा.

म्हणजे टक्कर टाळायची नाही, पकडायची. नवा आलेला आपला छोटा पत्ता आणि ६४ बिटांचा कायमचा नंबर दोन्ही सगळ्यांना ओरडून सांगतो. कुणाच्या नोंदीत तोच छोटा पत्ता वेगळ्या कायमच्या नंबरासोबत असेल तर तो बोंब मारतो, टक्कर! मग त्या पत्त्याचे दोघंही पत्ता सोडून नवी चिठ्ठी उचलतात. झोपलेल्या उपकरणासाठी त्याचा पालक राउटर उचलून ठेवतो आणि ते उठल्यावर सांगतो.

कुरूप आहे, पण बोगद्यातला पाचवा दिवा आत येतो. किंमत वेगळीकडे भरतो आपण: पत्त्यात आता रस्ता नाही, त्यामुळे रस्ता शोधायला सगळीकडे विचारणा करावी लागते आणि सापडलेला रस्ता मेमरीत ठेवावा लागतो. फुकट काही मिळालेलं नाही. पण चिपमधली मेमरी दरवर्षी स्वस्त होत गेली आणि बोगदे काही आखूड झाले नाहीत, त्यामुळे हा सौदा मला बरोबर वाटतो.

आता इंटरनेटवाल्यांची बाजू. त्यांना या छोट्या उपकरणांना थेट आयपीव्ही६ पत्ता द्यायचा होता. हा पत्ता १२८ बिटांचा, आणि नुसता हेडरच ४० बाइट. १२७ मध्ये ४०! तोडगा निघाला त्याचं नाव सिक्सलोपॅन, २००७ चं. आयपी पत्ता खालच्या छोट्या पत्त्यावरूनच बनवायचा, म्हणजे तो पाठवावाच लागत नाही, घेणारा स्वतः बनवून घेतो.

पण टक्कर तपासायची कशी? साध्या आयपीव्ही६ मध्ये रीत अशी की सगळ्यांना विचारायचं, हा पत्ता कुणाचा आहे का? थोडा वेळ थांबायचं. कुणी बोललं नाही म्हणजे मोकळा. लग्नात ‘कुणाची हरकत?’ विचारल्यासारखं. आता विचार करा, ज्या नेटवर्कमध्ये निम्मे लोक झोपलेत तिथे शांततेचा अर्थ काय? ज्याचा पत्ता आहे तोच झोपलेला असेल तर? म्हणून २०१२ मध्ये नियम बदलला. प्रत्येकानं आपला पत्ता राउटरकडे नोंदवायचा, सोबत कायमचा नंबर आणि किती वेळासाठी हे लिहायचं. नवा आला की राउटर वही बघतो, झोपलेल्यांना उठवत नाही. मुदत संपायच्या आत पुन्हा नोंद केली नाही तर नाव कटाप. वॉचमनच्या रजिस्टरसारखं आहे हे, आणि तितकंच कंटाळवाणं, म्हणूनच चालतं.

थ्रेडकडे येते, कारण तो आता तुमच्या हातात असू शकतो. आयफोन १५ प्रोमध्ये थ्रेडचा रेडिओ आहे. थ्रेडनं त्या कोल्ड स्टोरेजमधला प्रश्न सरळ मान्य करून टाकला: ओळख वेगळी, जागा वेगळी, दोन पत्ते ठेवा. जागेचा पत्ता १६ बिटांचा, त्यातले वरचे ६ बिट राउटरचा नंबर, खालचे ९ मुलाचा. हिशेब सोपा, राउटरचा नंबर गुणिले १०२४, अधिक मुलाचा नंबर. पाच नंबरच्या राउटरचं तिसरं मूल म्हणजे ५१२३. ते मूल उद्या नऊ नंबरकडे गेलं आणि तिथे पहिलं ठरलं, की झालं ९२१७. पिनकोडवाली मजा परत आली, पत्ता बघून राउटर कळतो. झाड मात्र दोनच पायऱ्यांचं, आणि राउटर आपसांत जाळ्यासारखे जोडलेले, एका वेळी जास्तीत जास्त ३२. त्यांना नंबर वाटायला त्यांच्यातलाच एक लीडर असतो, तो मेला तर दुसरा होतो.

आणि ओळखीचा पत्ता वेगळा, रँडम बनवलेला, उपकरण कुठेही गेलं तरी तोच. ॲपनं हा वापरायचा, जागेचा नाही. हा रँडम का, कायमच्या ६४ बिटांवरून का नाही, तर त्या नंबरात कंपनी दिसते. पत्त्यात तो तसाच घातला तर बाहेरच्या माणसाला तुमच्या घरात कुणाचं उपकरण आहे ते कळतं, आणि ते दुसऱ्या नेटवर्कमध्ये गेलं तरी ओळखू येतं.

लोरावॅनचं पटकन सांगते, कारण शेतातले आणि पाण्याच्या मीटरमधले बरेच सेन्सर त्यावर असतात, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर. तिथे ३२ बिटांचा पत्ता आहे आणि दोन उपकरणांचा पत्ता एकच असला तरी चालतो! हो, चालतो. तिथे उड्या नाहीत, प्रत्येक सेन्सर सरळ गेटवेला बोलतो, त्यामुळे पत्त्यानं रस्ता सांगायची गरजच नाही. प्रत्येक निरोपाच्या शेवटी चार बाइटांची सही असते, उपकरणाच्या गुप्त किल्लीनं केलेली. सर्व्हर त्या पत्त्याच्या सगळ्या उपकरणांच्या किल्ल्या लावून बघतो, जिची सही जुळेल तो निरोप तिचा. एका आडनावाच्या दहा घरांत पोस्टमन अक्षरावरून पत्र ओळखतो तसं.

घरी करून बघायचं असेल तर ज्यांच्याकडे झिगबी-टू-एमक्यूटीटी आहे त्यांनी कुठल्याही उपकरणाचं पान उघडा. तिथे दोन पत्ते दिसतील, एक लांबलचक आय-ट्रिपल-ई ॲड्रेस आणि एक छोटा नेटवर्क ॲड्रेस. दोन्ही लिहून घ्या. मग ते उपकरण नेटवर्कमधून काढा आणि पुन्हा जोडा. छोटा बहुतेक वेळा बदललेला दिसेल, लांबलचक तसाच असेल. तुम्ही दिलेलं ‘किचनचा दिवा’ हे नाव लांबलचक पत्त्याला बांधलेलं असतं. आणि तुम्ही स्वतः काही स्क्रिप्ट लिहिली असेल, तर ती दोन्हींपैकी कुठला नंबर वापरते ते आजच उघडून बघा, लाइट जायच्या आधी.

पुढच्या भागात: नव्या उपकरणाला नेटवर्कची किल्ली हवेतून देताना ती शेजाऱ्याला ऐकू का येत नाही. भेटू.